सुपडूनानांचा हात

माझ्या मेहुण्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बँडवाल्याच्या कानाखाली आवाज काढताना. लग्न आमच्या अक्काचं, एरंडोलला, आमच्याच दारात. नवरदेव घोड्यावरून उतरला, तीन ढांगांत बँडपर्यंत गेला, क्लॅरिनेटवाल्याला एक ठेवून दिली आणि परत येऊन घोड्यावर बसला. कारण काय, तर तो सूर सोडून वाजवत होता! वरातीतली माणसं हसली. आमचे वडील हसले नाहीत. मी तेव्हा दहावीत होतो आणि मला नवरदेव भारीच वाटला. खोटं कशाला बोलू, पुढचे दोन दिवस मी मित्रांना त्या थपडेची नक्कल करून दाखवत होतो.

नाव सुपडू, पण सगळे नाना म्हणायचे. आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून हे जन्मल्या जन्मल्या आजीनं सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं आणि मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं. यमाला वाटावं, हे पोर या घरचं नाहीच. आमच्या खानदेशात असे सुपडू गल्लोगल्ली सापडतील, पण नानांना त्याचा फार अभिमान. आजारपण आलं, अपघात झाला, की म्हणायचे, "मी इकत लिधेल माल शे. परत जावाव नही."

धुळ्यात मुंबई-आग्रा हायवेला त्यांचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं गॅरेज होतं. लाकूड पारखायची त्यांची रीत एकच. फळी उभी करायची, हातोडीनं तिला तीन ठिकाणी ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. आतून किडलेली फळी ते डोळे मिटून बाजूला काढत. "ठोकाबिगर लाकूड बोलस नही," हे त्यांचं वाक्य सगळ्या हायवेला पाठ होतं. पण माणसांनाही ते तसंच पारखायला बघत. पेंटरला ठोकलं, हमालाला ठोकलं, पोटच्या पोराला ठोकलं आणि अक्काला तर वर्षानुवर्षं ठोकलं. हा माणूस मला शेवटी शेवटी आवडायला लागला, म्हणून मागचं झाकून ठेवावं हे मला जमणार नाही. आवडला तरी मारकुटा तो मारकुटाच.

मी एसटीत ड्रायव्हर, धुळे डेपोला. एके दिवशी ड्यूटी संपवून संध्याकाळी अक्काकडे गेलो तर तिचा ओठ फाटलेला आणि डोळा सुजून बंद. माझं डोकं सटकलं. तसाच डेपोत गेलो, टायर खोलायची लोखंडी टॉमी घेतली आणि गॅरेजवर आलो. तयार झालेल्या एका ट्रकची पुढची काच फोडली आणि मग टॉमी नानांच्या डोक्यावर उगारली. नाना जागचे हलले नाहीत. "मार," म्हणाले. तेवढ्यात गॅरेजमागच्या घरातून अक्का धावत आली आणि मधे उभी राहिली. "भास्कर, घर जाय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मी टॉमी तिथेच फेकली आणि ओरडून सांगितलं, या उंबऱ्यावर परत पाय ठेवीन तर बापाचं नाव लावणार नाही. सतरा वर्षं नाही ठेवला. राखी पोस्टानं यायची. अक्काचा डावा कान कायमचा गेला हे मला कुणीतरी बसस्टँडवर सांगितलं, तेही फार उशिरा. मी संतापलो, आणि तरी गेलो नाही. शपथ घेतली होती ना!

पुढे नानांना कंपवातानं गाठलं. उजवा हात आधी, मग डावा. हातोडी फळीवर पडायच्या ऐवजी बोटांवर पडू लागली. पेंटर पाठीमागे हसले, नाना दांडकं घेऊन त्यांच्या अंगावर धावले आणि स्वतःच पडले. माझ्या भाच्यानं गॅरेज हाती घेतलं आणि बापाला फाटकाशी खुर्ची टाकून दिली. नानांनी चारचौघांत चहा प्यायचं सोडलं, कारण कप ओठापर्यंत जाईतो अर्धा शर्टावर सांडलेला असायचा.

मग सुरतेकडे एका नातलगाचं लग्न निघालं. तिथे वऱ्हाड नावेत बसून खाडी ओलांडत होतं. पाणी खवळलेलं, नाव गदागदा हलत होती, आणि कुणीतरी हौसेनं चहा वाटला. सगळ्यांचाच सांडला! नवरीच्या मामाचा धोतरावर, व्याह्यांचा छातीवर. नानांनी सगळ्या नावेत नजर फिरवली आणि पोट धरधरून हसले. अक्का सांगायची, लग्न झाल्यापासून तिनं त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. परतताना एसटीत ते तिला म्हणाले, "दरियामा बठ्ठंच हालस. मना हात कोन देखस?" समुद्रात सगळंच हलतं, तिथे यांचा हात कोण बघणार!

धुळ्याला आल्यावर त्यांनी होडी बांधायला घेतली. समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या पुढे. नानांना ट्रक येत होता, म्हणून त्यांनी होडीसुद्धा ट्रकसारखीच बांधली. बाभळीचं लाकूड, लोखंडी अँगल, चारचार इंचाचे बोल्ट. साक्रीकडच्या एका धरणात नारळ फोडून ती लोटली, तर गळ्यातल्या हारासकट सरळ तळाला जाऊन बसली. नाना गुडघाभर पाण्यात उतरले आणि वर राहिलेल्या तिच्या नाकाडावर हातोडीनं घाव घालत सुटले. दमल्यावर काठावर बसून म्हणाले, "बुडनी ते बुडनी. पहिली बॉडी बी वाकडीच व्हयनी व्हती." दुसरी होडी फायबरची केली. अठरा फुटी, शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलेली. गॅरेजवर बघ्यांची रीघ. "नाना, चाकं कुठे बसवणार?" असं एकानं विचारलं, तर त्याच्या दिशेनं पाना भिरभिरत गेला. हात कापत होता म्हणून नेम चुकला, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी होडी ट्रकवर घालून डहाणूकडे नेली. तिथला एक अनुभवी नाखवा सोबत घेतला आणि किनारा धरून वर तापीच्या मुखापर्यंत जायचं ठरवलं. सहाव्या दिवशी एका लाटेनं नानांना उचलून होडीच्या काठावर आदळलं. दोन बरगड्या मोडल्या. तशाच मोडक्या बरगड्यांनी ते आणखी तीन दिवस सुकाणूवर बसले. नवव्या दिवशी नाखव्यानं परत फिरायचं नाव काढलं म्हणून त्याला थोबाडीत मारली. नाखव्यानं त्यांना उचलून चिखलात टाकलं आणि तो चालू लागला. पुढच्या हिवाळ्यात अख्ख्या किनाऱ्यावर त्यांच्यासोबत यायला एक माणूस तयार नव्हता. नाना म्हणाले, मी एकटा जातो.

तेव्हा अक्काचा मला फोन आला. सतरा वर्षांनी. "भास्कर, तू त्यासनासंगे जाय."

"मरू दे त्यासले," मी म्हणालो.

"मरनं व्हई ते घर यीसन मरोत," ती म्हणाली. "मना समोर."

मला वाटलं, बायकोची माया, दुसरं काय! मी नुकताच रिटायर झालो होतो, घरी बसून अंगाला गंज चढत होता. पण मी होडीत चढलो तो काही मायेपोटी नाही. मला एकच हवं होतं. या माणसाच्या तोंडून, जिवंतपणी, अक्काबद्दल 'चुकलं' असा शब्द काढून घ्यायचा. बस. तो ऐकायचा, तिच्यापर्यंत पोचवायचा आणि मग नाना तापीला जावोत नाहीतर तळाला.

पहिले चार दिवस मी नुसता ओकत होतो. पस्तीस वर्षं घाटात बस चढवली-उतरवली, पण तो घाट आपल्या जागी थांबून राहतो. इथे रस्ताच उठून अंगावर येत होता. आणि नाना? हा माणूस तिथे बदलूनच गेला. कंपवाताची सकाळची गोळी घ्यायचे, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं उजवा हात सुकाणूला करकचून बांधायचे आणि किनाऱ्यापासून फर्लांग-दोन फर्लांगावरून होडी हाकायचे. हाताला पकड राहिली नव्हती, म्हणून दोर धरायचा झाला तरी तो मनगटाला तीन वेढे घालून धरायचे. दुपारी एखाद्या खाडीत शिरायचं, कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, गोळीचा असर उतरला की पडून राहायचं. लाटा अशा फटके मारायच्या की माझे दात दातांवर आपटायचे. मी देवाचा धावा करायचो आणि नाना लाटेला आईबहिणीवरून शिव्या घालायचे, तोंडात पाणी जाईपर्यंत. पाचव्या दिवशी मी चुकीच्या बाजूला बसलो म्हणून त्यांनी मला डबा फेकून मारला. भुवई फुटली. मी जाऊन त्यांची कॉलर धरली, मूठ वळली. ते शांतपणे म्हणाले, "मार. पन होडी हालाडू नको." मला मेलं हसूच आलं. तिथून मला हा माणूस आवडायला लागला, आणि त्याचाच मला राग यायचा.

दहाव्या दिवशी भरदुपारी आम्ही एका खाडीत शिरलो. ओहोटी होती. धक्क्याचे खांब उंचच उंच उघडे पडले होते. नानांनी होडीचं नाक एका खांबाच्या बुडाशी बांधलं, हातभर दोरानं. आजवर आम्ही ती उथळात रुतवून ठेवायचो, खांबाला बांधायची ही पहिलीच वेळ. जाळं विणत बसलेला एक म्हातारा वरून ओरडला, "काका, दोर लांब सोडा!" नानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मले शिकाडू नको!" म्हणून त्यांनी वर हात उगारला. म्हातारा जाळं गुंडाळून निघून गेला. नाना मला म्हणाले, "बैल आखूड बांधो. दोर लांब व्हयना की पायमा गुताडस." मला ते पटलं. पटणारच, मी त्याच मातीचा. आमच्या पांझरा नदीचं पाणी गेलं की गेलं. पाणी दिवसातून दोनदा माघारी फिरून माणसाच्या उंचीच्या वर चढतं, हे दहा दिवस बघत होतो, पण सात पिढ्यांच्या सवयीला ते पटलं नव्हतं. आम्ही भाकरी खाल्ली आणि झोपलो.

जाग आली ती पाण्यानंच. भरतीबरोबर वारा सुटला होता, होडीची शेपटी वर आणि नाक खाली. दोर तारेसारखा ताणलेला. होडीला वर यायचं होतं आणि दोर तिला सोडत नव्हता. प्रत्येक लाट नाकावरून आत कोसळत होती. नाना पुढे होते, छातीभर पाण्यात. गाठ सोडवायला गेले आणि सवयीनं दोर मनगटाला गुंडाळून बसले होते. आता गाठ पाण्याखाली, हात दोरात, दोर ताणलेला. गोळीचा असर उतरलेला, बोटं वाळक्या शेंगांसारखी थरथरत होती. "वासला आन!" ते ओरडले.

त्यांच्या हत्यारांच्या पेटीतला लाकूड तासायचा वासला मी घेतला. कमरेइतक्या पाण्यातून त्यांच्यापर्यंत गेलो. आणि थांबलो. हो, थांबलो. हातात धारदार वासला, समोर तो दोर आणि अक्काच्या अंगावर वर्षानुवर्षं उठलेला तो हात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

"म्हन आधी! अक्काले मारं ते चुकनं म्हन! नही ते दोर तोडाव नही!"

लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. वर आले, खोकले, पाणी थुंकले. डोळे लालभडक. "नही," म्हणाले.

"म्हन रे!"

"आठे पानीमा म्हनाव नही! आठे म्हनं ते पानीना धाकमा म्हनं. तिना काय कामनं ते?"

दुसरी लाट आली. या वेळी ते वर आले नाहीत. मग मी किंचाळत घाव घातला, एक, दोन, तीन. तिसऱ्याला दोर तुटला. त्याच्याबरोबर नानांच्या करंगळीचं टोकही गेलं. होडी उसळली, आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो, सगळं पाणी लाल. त्यांना मागे ओढलं, पालथं घातलं, पाठीवर बुक्क्या मारल्या, आणि त्यातल्या चार बुक्क्या काही पाणी काढायला नव्हत्या, हेही कबूल करतो. श्वास आल्यावर ते म्हणाले, "डायवरना हातमा वासला दिधा की आसंच व्हस." मी ढसाढसा रडलो. इंजिन बुडालं होतं. वाऱ्यानं होडी चिखलात नेऊन रुतवली आणि त्या जाळेवाल्या म्हाताऱ्यानंच चार माणसं आणून आम्हाला बाहेर काढलं. होडी तिथेच राहिली.

धुळ्याला आलो. सतरा वर्षांनी मी तो उंबरा ओलांडला, नानांना खांद्याचा आधार देऊन. अक्का समोर उभी. नानांनी माझा खांदा सोडला, भिंत धरली. सगळं अंग हलत होतं. जन्मात कधी नाव घेतलं नव्हतं, ते घेतलं. "इंदू, मनं चुकनं."

मला वाटलं, झालं. मिळालं. अक्कानं उजवा कान पुढे केला.

"काय चुकनं?"

"बठ्ठं." म्हणजे सगळंच.

"बठ्ठं चालाव नही," अक्का म्हणाली. "बठ्ठं म्हंजे काहीच नही. एक एक सांगा. मले एक एक याद शे."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. दुपारी तीनच्या सुमाराला गोळीचा असर चांगला असायचा, जीभ चालायची. अक्का खाली बसायची, नाना खाटेवर. आणि ते सांगायचे. भाजी खारट झाली तेव्हा फेकलेलं ताट. सातवा महिना असताना लोटलेलं. माहेरी निरोप का दिला म्हणून पट्ट्यानं. रोज एक. अक्का रडायची नाही, मधे मधे फक्त दुरुस्त करायची. "नही. तैन्हा लाथ व्हती." नाना मान हलवायचे. "हा. लाथ व्हती." संपेपर्यंत त्यांचा सदरा घामानं भिजलेला असायचा. एकदा मला बाहेर ओट्यावर म्हणाले, "भास्कर, दरिया बरा व्हता भो." मी रोज जात होतो. मला वाटत होतं, हा माझाच विजय आहे.

महिनाभरानं एका दुपारी नाना म्हणाले, "भास्कर टॉमी लिसन उना व्हता, ते दिन." मी सावरून बसलो. ही माझ्या शौर्याची गोष्ट, डेपोत मी ती शंभर वेळा रंगवून सांगितलेली. नाना माझ्याकडे बघत नव्हते. "तो गया. मंग मी दार लोटं. तुना भाऊ मले मारी का, म्हनं, आन मारं. ते दिन तुना कान गया."

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आलो तेव्हा अक्का माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. "तू गया ते गयाच," ती म्हणाली. "मी दारकडे देखत ऱ्हायनू."

मी तिच्या पायाशी बसलो. "अक्का, मनं बी..." तिनं हात वर करून मला थांबवलं. "आधी त्यासनं सरू दे."

ते सरलं नाही. खाडीचं पाणी नानांच्या छातीत बसलं होतंच, उन्हाळा लागता लागता न्यूमोनिया झाला. दवाखान्यातही तीन वाजले की त्यांचे ओठ हलायला लागायचे. आवाज निघत नव्हता. अक्का कान अगदी त्यांच्या ओठांना लावून ऐकायची आणि 'हा' म्हणायची. एका सकाळी ओठ थांबले. अक्कानं खाटेवर चढून दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला सुरुवात केली. नर्स धावल्या, मी तिला कमरेला धरून ओढलं, पण साठी ओलांडलेली माझी बहीण मला आवरेना. "उठा!" ती ओरडत होती. "आजून बाकी शे! बठ्ठं सांगाबिगर कसा गयात? उठा!"

तेराव्याचं जेवण झालं. पाहुणे गेले, भाचा गॅरेजवर गेला. मीही पायात चपला घालत होतो. तीन वाजले असावेत. अक्कानं खाटेवरची चादर झटकली, नीट घातली आणि स्वतः खाली भिंतीला टेकून बसली.

"भास्कर," ती म्हणाली, "बस. आते तुनं सांग."

मी चपला काढल्या आणि बसलो.